इंदूरमध्ये शैलचित्रं आणा, पण अंधार आणू नका

प्रति,
मा. आयुक्त,
पुरातत्त्व, अभिलेखागार व संग्रहालय संचालनालय, मध्य प्रदेश शासन
तसेच इंदूरमधील संग्रहालयं आणि शाळांच्या सहली यांची जबाबदारी सांभाळणारे सर्व अधिकारी यांस

विषय : इंदुरात शैलचित्रांच्या प्रतिकृतींचं दालन उभारण्याबाबत

सप्रेम नमस्कार वि. वि.

इंदूरच्या शाळकरी मुलाला शैलचित्रं, म्हणजे खडकावर काढलेली प्राचीन चित्रं, बघायची तर दोन वाटा आहेत. एक भोपाळजवळच्या भीमबेटक्याची, दुसरी भानपुऱ्याजवळच्या चतुर्भुज नाल्याची. दोन्हीकडे दोनशे किलोमीटरहून जास्त रस्ता आहे. सकाळी सहाला सुटलेली बस साडेअकराच्या सुमाराला पोहोचते. तेव्हा ऊन समोरच्या जमिनीवरून उसळून डोळ्यांत जातं आणि कपारीतली फिकट पांढरी रेघ दिसेनाशी होते. पन्नास मुलं, एक मार्गदर्शक, अर्धा तास, आणि परतीची घाई. मुलं ‘बघून’ येतात, पण त्यांना दिसलेलं फार थोडं असतं.

म्हणून इंदुरात प्रतिकृतींचं दालन हवं, अशी आमची मागणी आहे. आम्ही चित्रकार, साचेकाम करणारे, छायाचित्रकार आणि शैलचित्रांचे अभ्यासक आहोत. दालन कसं असावं आणि ते कुठे फसतं, हे निविदा निघण्याआधी आपल्या कानावर घालावं, एवढ्यासाठी हे पत्र.

प्रतिकृती म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे फ्रान्स येतं, आणि ते योग्यच आहे. लास्कोची चित्रगुहा १९४० साली सापडली, १९४८ मध्ये लोकांसाठी उघडली आणि १९६३ मध्ये बंद करावी लागली. रोजच्या शेकडो माणसांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब आणि ओल यांनी भिंतीवर हिरवं शेवाळ धरलं, कॅल्साइटचा पांढरा थरही चढू लागला. मग १९८३ मध्ये मूळ गुहेपासून दोनशे मीटरवर पहिली मोठी प्रतिकृती उघडली. पण तिच्यासाठी येणारी वाहनं आणि माणसं त्याच टेकडीवर चढत राहिली. शेवटी २०१६ मध्ये टेकडीच्या पायथ्याशी नवी, जवळजवळ संपूर्ण गुहा बांधली. स्पेनमधल्या अल्तामिराची प्रतिकृती २००१ ची. शोव्हे गुहा १९९४ मध्ये सापडली ती लोकांसाठी कधी उघडलीच नाही, तिची प्रतिकृती २०१५ पासून बघता येते. मार्सेलच्या कोस्केर गुहेचं तोंड समुद्राखाली ३७ मीटरवर आहे. तिच्या प्रतिकृतीतून २०२२ पासून माणसं छोट्या गाड्यांत बसून फिरतात. नक्कल मूळ जागेपासून लांब असावी, म्हणजे मुळावरचा भार खरोखर हलतो, हे लास्कोनं शिकवलं. इंदूर त्या दृष्टीनं उत्तम आहे. त्यात २०२५ मध्ये गांधीसागर अभयारण्यात चित्ते सोडल्यामुळे तिथली गर्दी वाढतच जाणार, आणि चतुर्भुज नाला त्याच अभयारण्यात आहे.

पण फ्रान्सची एक गोष्ट मात्र घेऊ नका. लास्को, शोव्हे या काळोख्या गुहा आहेत. चित्रं आत, सूर्यप्रकाश पोहोचत नाही तिथे आहेत. म्हणून तिथल्या प्रतिकृतींत काळोख असतो, गारवा असतो, दिव्याचा मंद झोत असतो. आपली बहुतेक चित्रं मात्र शैलाश्रयांत आहेत. वर पुढे झुकलेला खडक, खाली बसायला सावली, समोर उघडं रान. तिथे बसलेल्या माणसानं ती दिवसाउजेडी काढली आणि दिवसाउजेडीच बघितली. तरीही आपल्याकडे ‘प्रागैतिहासिक’ दालन म्हटलं की काळा रंग मारलेली खोली, प्लास्टरची ओबडधोबड भिंत, लाल दिवा आणि ढोलाचा आवाज, असंच चित्र उभं राहतं. ते इथे खोटं ठरेल.

निसर्गानं इथे आपल्याला एक सोय करून दिली आहे. भीमबेटका आणि इंदूर जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, दोन्ही २३ अंशांच्या किंचित खाली. भानपुरा उत्तरेला आहे, पण फरक दोन अंशांहून कमी. म्हणजे प्रतिकृतीची भिंत मूळ भिंतीच्याच दिशेला तोंड करून उघड्यावर उभी केली, आणि वरचा खडक मुळाइतकाच पुढे काढला, तर मार्गशीर्षातलं कलतं ऊन आणि वैशाखातलं डोक्यावरचं ऊन तिच्यावर मुळासारखंच पडेल. यासाठी दिवा लागत नाही, बटण लागत नाही. लागते ती होकायंत्र घेऊन घेतलेली अचूक दिशा आणि मूळ जागेवर दर दोन महिन्यांनी एकदा, दिवसभर पंधरा-पंधरा मिनिटांनी काढलेले फोटो. त्या फोटोंशी प्रतिकृतीवरची सावली ताडून बघता येते.

दोनच भिंती करा. परदेशातल्या मोठ्या प्रतिकृतींना पाच कोटी युरोंहून जास्त खर्च आला, आपल्याला त्या वाटेला जायचं कारण नाही. एक भिंत चतुर्भुज नाल्यातली, आठ-दहा मीटर लांबीची, ओघळाच्या काठाला धरून. दुसरी भीमबेटक्याचा ‘झू रॉक’, जिथे एकाच दगडावर अडीचशेच्या आसपास प्राणी एकमेकांवर काढलेले आहेत. भानपुरा ही होळकरांच्या मुलखातली जागा, यशवंतराव होळकरांची छत्री तिथे आहे. छत्री बघायला जाणाऱ्या कितीतरी इंदूरकरांना तिथून जवळच नाल्याच्या काठानं चित्रांची रांगच्या रांग आहे, हे ठाऊक नसतं.

आता कामाकडे. मूळ भिंतीला हात लावायचा नाही, ही पहिली अट निविदेत ठळक असू द्या. रबराचा साचा चित्रांवर घालायचा नाही, काढताना रंगाची खपली सोबत येते. भिंतीवर कागद किंवा प्लास्टिक टेकवून रेघ गिरवायची नाही. फोटोसाठी पाणी शिंपडायचं नाही. ओल्या दगडावर रंग क्षणभर खुलतो खरा, पण पाण्यात विरघळलेले क्षार सुकताना वर येतात आणि रंगावर पांढरी साय धरतात.

माप फोटोंवरून घ्यावं. चित्रांच्या भागात एक पिक्सेल म्हणजे भिंतीवरचा ०.२ मिलिमीटर, एवढी बारकाई पुरते. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात अशी एक चौकट साधारण १.२ बाय ०.८ मीटर जागा धरते. आडव्या फोटोंत सत्तर टक्के आणि उभ्यांत साठ टक्के भाग पुन्हा यायला हवा. म्हणजे कॅमेरा आडवा ३६ सेंटिमीटर आणि उभा ३२ सेंटिमीटर सरकवायचा. दहा मीटर लांब, तीन मीटर उंच भिंतीला पावणेतीनशे-तीनशे समोरचे फोटो लागतात. तिरकस कोनांतले धरून चारशेपर्यंत जातात. तिरकस फोटो वाचवायला गेलं की संगणकातली भिंत मधोमध फुगते, सरळ कपार घमेल्यासारखी दिसू लागते. दर फोटोमालिकेत रंगपट्टी आणि मोजपट्टी हवीच. काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, भिंत पूर्ण कोरडी असताना आणि तिच्यावर थेट ऊन नसताना करावं.

फिकट चित्र वाचायला रंग ताणून दाखवणारं डीस्ट्रेच नावाचं संगणकीय साधन वापरतात. ते फार उपयोगाचं आहे, डोळ्याला न दिसणारे पाय आणि शिंगं त्यात दिसतात. धोका असा, की पडद्यावर दिसणारी ती भडक जांभळी-लाल आकृती रंगकाम करणारा खरी मानतो आणि तशीच रंगवतो. ती फक्त आकार ठरवायला वापरावी. रंग ठरवायचा तो मूळ जागी, दिवसाच्या उजेडात, हातातल्या रंगवलेल्या तुकड्यांशी ताडून.

साच्यासाठी संगणकावरून यंत्रानं फोम कोरतात. चित्रांच्या भागात यंत्राच्या दोन फेऱ्यांत एक मिलिमीटर अंतर ठेवा, बाकी खडकाला तीन-चार चालेल. सहा मिलिमीटर जाडीचं पातं त्याहून बारीक भेगेत शिरत नाही, ती बुजून जाते. अशी प्रत्येक भेग फोटो समोर ठेवून हातानं कोरावी लागते. या हातकामाचे दिवस अंदाजपत्रकात धरले नाहीत, तर भिंत साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत येते. कोरलेल्या फोमवर सिलिकॉनचा साचा, साच्यात काचतंतू घातलेलं सिमेंट. उघड्यावर पॉलिएस्टर राळ नको, उन्हानं ती पिवळी पडते. सिमेंटची साल बारा मिलिमीटर ठेवली तर चौरस मीटरला २४ किलो वजन होतं. दोन बाय दीड मीटरचा फलक ७२ किलो, वर लोखंडी सांगाड्याचं वजन. चार माणसं तो उचलू शकतात, याहून मोठा करू नका. काचतंतू क्षाराला टिकणारे, झिरकोनियावाले घ्या. साध्या तंतूंना सिमेंट आतून खातं आणि काही वर्षांत साल ठिसूळ होते. सात दिवस ओली राखून मग सुकू द्यावी. साच्याचा फोम मागे ठेवू नये, तो ज्वलनशील असतो.

फलकांचे सांधे कुठे येणार, हे सगळ्यात आधी चित्रकारानं ठरवायचं, ठेकेदारानं नाही. सांधा नैसर्गिक भेगेतून न्यायचा. हरणाच्या पोटातून गेला तर मे महिन्यात प्रसरणामुळे तिथे केसाएवढी रेघ दिसू लागते आणि मग बघणाऱ्याची नजर तिथेच अडकते. भिंतीमागे माणूस उभा राहील एवढी, किमान पाऊण मीटर जागा सोडा. दुरुस्ती मागूनच होते.

पहिल्या पावसाळ्यात सिमेंटमधून पांढरा खार फुटतो. म्हणून पुढून-मागून दोन्हीकडे अॅक्रिलिकचा अस्तर-हात हवा. त्यावर विंध्यच्या वालुकाश्माची भुकटी, ३०० मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली, अॅक्रिलिक बांधणीत, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या द्रवात, कालवून दोन-तीन पातळ हात. भुकटी परवानगीच्या खाणीतली घ्यावी, चित्रांच्या जागेवरचा एक खडाही उचलू नये. आणि शेवटी वॉर्निश मारायचं नाही. ‘संरक्षणासाठी’ मारलेल्या एका चमकदार हातानं वर्षभराचं काम जातं, खडक चिनीमातीसारखा दिसायला लागतो.

आता रेघ. यासाठी बाकी सगळं आहे, म्हणून इथे थोडं थांबावं. मूळ चित्रातली लाल रेघ वीतभर अंतरावरून भिंगातून बघितली तर ती सलग नसते. वालुकाश्म म्हणजे वाळूच्या दाण्यांचा घट्ट बांधलेला थर. गेरू दाण्यांच्या मधल्या खळग्यांत बसलेला असतो. दाण्यांची डोकी वारा, पाणी, गुरांची अंगं, माणसांचे हात यांनी घासून उघडी पडलेली असतात. लाल ठिपका, उघडा दाणा, लाल ठिपका, अशी ती रेघ चालते. दोन मीटरवरून मात्र नजर ते ठिपके जोडून घेते आणि हरणाचा पाय दिसतो. सपाट फलकावर छापलेला फोटो इथेच हरतो, त्याला खळगे नसतात. भिंतीला पोत असूनही रंगवणाऱ्यानं जाड रंगाचा भरगच्च हात फिरवला, तर तोही हरतो.

ही रेघ जमवायची रीत अशी. गेरू खलून, कापडातून गाळून, पाण्यात पातळ करायचा. बांधणीला अॅक्रिलिक थेंबानं, आठ-दहा भाग पाण्याला एक भाग. कुंचला जवळजवळ कोरडा. रेघ ओढल्यावर ती अर्धवट सुकेपर्यंत थांबायचं आणि मग कोरड्या स्पंजानं एकाच दिशेनं पुसायचं. दाण्यांची डोकी मोकळी होतात, खळग्यांत रंग राहतो. लवकर पुसलं तर सगळंच फिसकटतं, उशीर झाला तर काहीच निघत नाही. मधली वेळ हवेवर अवलंबून असते, जानेवारीत काही मिनिटं, मे महिन्यात काही सेकंद. बाजारातला तयार लाल ऑक्साइड एकट्यानं वापरू नका. तो अतिबारीक आणि एकजिनसी असतो, दुकानाच्या पाटीसारखा दिसतो. खाणीतल्या गेरूत पिवळा, तपकिरी, कुठे काळसर असे निरनिराळे कण असतात. पांढऱ्यासाठी पांढरी माती. झू रॉकवर थरांचा क्रम चुकवता येणार नाही. कुठला प्राणी कुणाच्या खाली आहे याचा नकाशा आधी अभ्यासकांकडून मंजूर करून घ्यावा आणि रंगकाम खालच्या थरापासून त्याच क्रमानं करावं. पाण्याचे ओघळ, पांढरे डाग, काळी बुरशी हेही चित्राइतक्याच निगुतीनं रंगवायचं. चित्र जमिनीपासून मुळात जितक्या उंचीवर आहे तितकंच ठेवा. बघणाऱ्याला सोयीचं म्हणून ते छातीपर्यंत खाली आणलं, तर काढणारा बसून काढत होता की हात उंच करून, हेच कळेनासं होतं.

दर की चट्टानचा एक तुकडाही हवा. भानपुऱ्याजवळच्या इंद्रगड टेकडीवरच्या या कपारीत रंगचित्रांआधीच्या काळातले, दगडानं ठोकून केलेले वाटीसारखे शेकडो खळगे आहेत. हा तुकडा हात लावण्यासाठी ठेवा, विशेषतः न दिसणाऱ्यांसाठी. शेजारी कठीण वालुकाश्माची एक शिळा आणि एक गोटा ठेवला, तर दहा मिनिटं ठोकल्यावरही जेमतेम ओरखडा उमटतो. काही मिलिमीटरच्या खोलीला हजारो घाव लागतात, हे हाताला कळतं.

पाट्यांबद्दल आग्रहाची विनंती. ‘एक लाख वर्षांपूर्वीची चित्रं’ असं लिहू नका. भीमबेटक्यात माणसाच्या वस्तीच्या खुणा तितक्या जुन्या आहेत, चित्रं नव्हेत. बरीचशी चित्रं मध्याश्मयुगापासून पुढची, आणि तलवारी घेतलेले घोडेस्वार तर ऐतिहासिक काळातले. २०२१ मध्ये तिथल्या एका कपारीच्या छतावर डिकिन्सोनिया या अतिप्राचीन जीवाचा जीवाश्म सापडल्याचं प्रसिद्ध झालं. २०२३ मध्ये ती गळून पडलेल्या मधमाश्यांच्या पोळ्याची खूण असल्याचं दाखवून दिलं गेलं. ही गोष्ट पाटीवर जरूर घाला, मुलांना विज्ञान कसं चालतं ते त्यातून कळेल. आणि बांधकाम करणाऱ्यांनीही ती लक्षात ठेवावी. पुढे झुकलेल्या खडकाखाली आग्या मोहळ बसतं, ते प्रतिकृतीलाही बसेल. शाळेची मुलं येण्याआधी रोज सकाळी कुणीतरी मान वर करून बघायला हवं. पारव्यांसाठी जाळी लावू नका, त्यातून चित्र दिसत नाही. माथ्यामागच्या सपाट कडांना पंचेचाळीस अंशांहून जास्त उतार दिला की त्यांना तिथे बसता येत नाही.

पाट्या हिंदी, मराठी आणि इंग्रजीत असाव्यात. पुरातत्त्वज्ञ विष्णू श्रीधर वाकणकरांनी १९५७ मध्ये भीमबेटका जगापुढे आणलं. कलाशिक्षक द. दा. देवळालीकरांच्या हाताखाली शिकलेल्या चित्रकार ना. श्री. बेंद्र्यांचं हे शहर. इथे मराठी पाटी असणं स्वाभाविक आहे.

नकलेला दुय्यम समजणाऱ्यांसाठी बाघचं उदाहरण पुरेसं आहे. १९२१ च्या सुमाराला ग्वाल्हेर दरबारानं बाघ लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या नकला करवून घेतल्या. नंदलाल बोस, असितकुमार हालदार, सुरेंद्रनाथ कर ही मंडळी त्यात होती. लेण्यांतली चित्रं नंतर झपाट्यानं गेली. त्यांचे रंग आज समजून घ्यायचे, तर ग्वाल्हेरच्या गुजरी महाल संग्रहालयातल्या त्या नकलांकडेच जावं लागतं. अजिंठ्याच्या बाबतीत उलटं घडलं. चित्रकार रॉबर्ट गिलनं केलेल्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. चित्रकार जॉन ग्रिफिथ्सनं मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांना घेऊन वर्षानुवर्षं केलेल्या नकलांपैकीही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या. म्हणून फोटो, मोजमापं, रंगांच्या नोंदी यांच्या तीन प्रती ठेवा, इंदूर, भोपाळ आणि राज्याबाहेर एक. साचेही जपून ठेवा, फलक तुटला तर नवा काढता येईल.

दालनाची वेळ सकाळी सात ते अकरा आणि दुपारी चार ते सूर्यास्त ठेवावी, कलतं ऊन तेव्हाच मिळतं. एका वेळी पंचवीस माणसं, पाऊण तास. पहिली पाच मिनिटं कुणी काही सांगू नये. उन्हातून आलेल्या डोळ्याला सावलीत फिकट रेघ दिसायला तेवढा वेळ लागतोच. वाट दीड मीटर रुंद, चढ बाराला एकपेक्षा जास्त नाही.

मुलांसाठी एक प्रयोग ठेवा, खर्च नगण्य आहे. चाळीस मुलांना चारशे ग्रॅम गाळलेला गेरू, प्रत्येकी दहा ग्रॅम. त्यात चमचाभर पाणी, थोडं डिंकाचं पाणी. खजुराची काडी टोकाला चेचून तिचा कुंचला. आणि खरबरीत फरशी, पण टेबलावर आडवी नको, भिंतीला उभी लावलेली. आडव्या फरशीवर कुणालाही हरीण जमतं. उभ्या दगडावर पाणी जास्त झालं तर रंग पोटापासून खुरांपर्यंत ओघळतो, कमी झालं तर काडी दाण्यांवर अडखळते आणि सुकल्यावर पोपडा पडतो. दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नाला मूल काडी आडवी धरायला लागतं. त्यानंतर त्याला परत मोठ्या भिंतीपाशी न्यावं. गेरूचे डाग कपड्यांवरून सहज जात नाहीत, शाळांना आधी कळवावं.

‘ही प्रतिकृती आहे, मूळ चित्र अमुक ठिकाणी आहे’ हे दारातच, मोठ्या अक्षरांत लिहावं. भोपाळला मानव संग्रहालयाच्या आवारात, श्यामला टेकडीवर, खरे चित्रित शैलाश्रय आहेत. तिथे आणि इथे काय फरक आहे, हे लोकांना स्पष्ट कळलं पाहिजे.

आमची आजची मागणी लहान आहे. पूर्ण दालनाची निविदा काढण्याआधी एक मीटर बाय एक मीटरचा एकच नमुना फलक करून घ्या. त्यात एक सांधा असावा, एक भेग, एक लाल आकृती आणि तिच्यावर आलेली एक पांढरी. तो इंदुरातच उघड्यावर, मूळ भिंतीच्या दिशेला तोंड करून, एक पावसाळा आणि एक उन्हाळा ठेवा. खार फुटला का, सांधा उघडला का, रंग उडाला का, हे दर महिन्याला त्याच वेळी फोटो काढून नोंदवा. पुढच्या जूनमध्ये तो आडवा करून आम्हाला बोलवा, भिंगं आणि रंगपट्टी आम्ही घेऊन येऊ.

आपले नम्र,
इंदूरमधील काही चित्रकार, साचेकाम करणारे, छायाचित्रकार आणि शैलचित्रांचे अभ्यासक